एका कमांडमध्ये मराठी फॉन्ट? ‘तापमान’ जमेल, ‘आर्द्रता’ नाही

आर्डुइनो, ईएसपी३२ असे छोटे प्रोग्रॅम करता येणारे बोर्ड आणि छोटे डिस्प्ले यांच्याशी खेळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: “कुठलाही टीटीएफ फॉन्ट घ्या, ओटीएफटूबीडीएफ किंवा फॉन्टकन्व्हर्टची एक कमांड चालवा. १२ आकार दिला की १२ पिक्सेलचा फॉन्ट, अक्षर जसेच्या तसे, जागा नगण्य, आणि फॉन्ट फुकटचा असेल तर परवान्याची भानगड नाही. मराठीसाठी फक्त ०९०० ते ०९७एफ ही रेंज द्यायची.” (ही दोन साधने संगणकावरच्या टीटीएफ फॉन्टपासून छोट्या पडद्यासाठी पिक्सेलचा फॉन्ट बनवतात: पहिले बीडीएफ नावाची फाइल देते, दुसरे प्रोग्रॅममध्ये घालायची हेडर फाइल. ०९०० ते ०९७एफ हे युनिकोडमधले देवनागरीचे क्रमांक.) पुरावा म्हणून ओएलईडी पडद्यावर ‘तापमान’ लिहिलेला फोटो. फोटो खरा असतो, पण त्यावरून काढलेले जवळजवळ सगळे निष्कर्ष चुकीचे आहेत. एकेक बघू. (कमांड अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या, इथे पर्याय उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत.)

“१२ आकार दिला की १२ पिक्सेल”

ही दोन्ही साधने आकार पॉइंटमध्ये घेतात. पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. त्यामुळे पिक्सेल = पॉइंट × डीपीआय (एका इंचातले पिक्सेल) ÷ ७२. ओटीएफटूबीडीएफ काही न सांगता १०० डीपीआय धरते, म्हणून १२ पॉइंट झाले १६.६७ पिक्सेल. अ‍ॅडाफ्रूट जीएफएक्स या डिस्प्ले-लायब्ररीसोबत येणाऱ्या फॉन्टकन्व्हर्टच्या सोर्समध्ये डीपीआय १४१ असा बांधलेला आहे, तिथे तेच १२ पॉइंट २३.५ पिक्सेल होतात. एकच आकडा, दोन साधने, सात पिक्सेलचा फरक.

ओटीएफटूबीडीएफवर उपाय सोपा आहे. ‘-आर ७२’ द्या, मग ‘-पी १६’ म्हणजे बरोबर १६ पिक्सेल. फॉन्टकन्व्हर्टला असा पर्याय नाही आणि आकार पूर्णांकच लागतो. ८ दिले तर १५.६७, ९ दिले तर १७.६, नेमके १६ मिळतच नाहीत. त्यासाठी सोर्समधली डीपीआयची ओळ ७२ करून पुन्हा कंपाइल करावे लागते. एलव्हीजीएल या दुसऱ्या डिस्प्ले-लायब्ररीचे एलव्ही-फॉन्ट-कॉन्व्ह मात्र थेट पिक्सेल घेते, तिथे हा घोळ होत नाही.

शिवाय हे १६ पिक्सेल ‘एम’ चौकटीचे (अक्षरे ज्या मापाने रेखतात ती चौकट), अक्षराच्या उंचीचे नव्हेत. देवनागरीत वर रफार-अनुस्वार आणि खाली उकार धरले तर ओळ एमपेक्षा उंच होते. ६४ पिक्सेल उंचीच्या डिस्प्लेवर १६ च्या चार ओळी बसतील असे गृहीत धरणाऱ्यांचे उकार कापले जातात. ओळीची खरी उंची तयार झालेल्या बीडीएफ फाइलमधल्या ‘फॉन्टबाउंडिंगबॉक्स’ या ओळीत वाचा.

“अक्षर जसेच्या तसे उतरते”

बीडीएफमध्ये पिक्सेल काळा किंवा पांढरा, मधले काही नाही. समजा १००० एककांच्या एममध्ये उभ्या दांड्याची जाडी ९० एकके आहे. १६ पिक्सेलला ती १.४४ पिक्सेल होते. आता दांडा ग्रिडवर कुठे पडतो त्यावर तो एक पिक्सेलचा होईल की दोनचा हे ठरते. म्हणून एकाच फॉन्टमधला ‘प’ बारीक आणि ‘ग’ ठळक असा प्रकार दिसतो. लोक त्याला फॉन्टचा दोष समजतात, पण दोष जाडी पूर्ण पिक्सेलला गोल करण्याचा असतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’, ‘प’ आणि ‘ष’ यांतला फरक एखाद्या गाठीपुरता किंवा रेघेपुरता. १२ पिक्सेलला ती गाठ बुजली की अक्षरच बदलते. लॅटिन फॉन्ट या आकाराला निभावून जातात, देवनागरी नाही.

हिंटिंग (अक्षराच्या रेषा पिक्सेलच्या ग्रिडला जुळवणे) चालू-बंद करून पाहावे (ओटीएफटूबीडीएफमध्ये ‘-एन’ दिल्याने ते बंद होते), पण फार आशा ठेवू नये. आपोआप हिंटिंग करणारे टीटीएफऑटोहिंट देवनागरी ओळखते, मात्र ते फक्त उभ्या दिशेने जुळवणी करते. शिरोरेषा एका ओळीत येईल, दांड्यांची जाडी सारखी होणार नाही. ती हातानेच दुरुस्त करावी लागते. बीडीएफ ही साधी मजकूर फाइल आहे, प्रत्येक ग्लिफखाली (ग्लिफ म्हणजे फॉन्टमधली एक आकृती) पिक्सेलच्या ओळी हेक्समध्ये असतात. जीबीडीएफएड किंवा फॉन्टफोर्जमध्ये उघडून पिक्सेल लावता-काढता येतात. वापरात येणारी साठ-सत्तर अक्षरे अशी तपासणे हे कमांडइतकेच कामाचे अंग आहे आणि ते टाळता येत नाही. डिस्प्ले करड्या छटा दाखवू शकत असेल तर एलव्ही-फॉन्ट-कॉन्व्हमध्ये ‘--बीपीपी ४’ द्या. तिथे निम्मा त्रास वाचतो, जागा मात्र चौपट लागते.

“मराठीसाठी फक्त रेंज द्यायची”

सगळ्यांत मोठी गफलत इथे आहे.

कमांड तशी चालते. ओटीएफटूबीडीएफला ‘-एल’ मध्ये ‘३२_१२६ २३०४_२४३१’ द्यायचे (मध्ये अधोरेखा, उणेचिन्ह नव्हे), यू८जी२ या आणखी एका डिस्प्ले-लायब्ररीच्या बीडीएफकॉन्व्हला ‘-एम’ मध्ये ‘३२-१२६,२३०४-२४३१’. त्रुटी येत नाही, फाइल बनते. पण या साधनांना दिसतो तो फॉन्टचा सीमॅप तक्ता, म्हणजे कोणत्या कोडपॉइंटला (युनिकोड क्रमांकाला) कोणता ग्लिफ एवढेच. देवनागरी ब्लॉकमध्ये कोडपॉइंट १२८. त्यात ‘क्ष’ नाही, ‘द्र’ नाही, रफार नाही, अर्धा ‘त’ नाही. हे सगळे ग्लिफ फॉन्टमध्ये असतात, पण त्यांना कोडपॉइंट नसतो. त्यांच्यापर्यंत जायची वाट जीसब या तक्त्यातल्या नियमांतून जाते आणि ते नियम चालवायला हार्फबझसारखे शेपिंग इंजिन, म्हणजे कोडपॉइंटवरून योग्य ग्लिफ निवडून मांडणारा प्रोग्रॅम, लागते. कन्व्हर्टर ते चालवत नाही. डिस्प्लेची लायब्ररी तर नाहीच नाही.

मग फोटोतले ‘तापमान’ बरोबर कसे? कारण त, काना, प, म, काना, न. एकही जोडाक्षर नाही, रफार नाही, पहिली वेलांटी नाही. प्रत्येक कोडपॉइंटला एक ग्लिफ, तोही डावीकडून उजवीकडे त्याच क्रमाने. ‘पाऊस’ही असाच तरून जातो. हवामान केंद्राच्या त्याच पडद्यावर पुढची ओळ ‘आर्द्रता’ लिहा. साठवणीत आठ कोडपॉइंट आहेत: आ, र, हलन्त, द, हलन्त, र, त, काना. दिसायला हवेत बहुधा पाच ग्लिफ: आ, द्र, त्याच्या डोक्यावर रफार, त, काना. शेपिंगशिवाय दिसतात आठच्या आठ, पाय मोडलेला र, पाय मोडलेला द, मग सुटा र. ‘किमान’मध्ये वेलांटी ‘क’च्या नंतर साठवलेली असते आणि आधी दाखवायची असते, ती जाऊन ‘म’ला चिकटते.

‘वाऱ्याचा वेग’ हा तर खास आपला मराठी सापळा. हा अर्धा र साठवायच्या दोन रीती आहेत: ऱ (यू+०९३१), हलन्त, य, किंवा र, हलन्त, शून्य-रुंदी जोडक (यू+२००डी), य. दुसऱ्या रीतीतला जोडक ०९००–०९७एफ या रेंजच्या बाहेर आहे. मजकूर ‘साफ’ करताना रेंजबाहेरचे गाळले की तो निघून जातो आणि नंतर शेपिंग केले तरी ‘वार्‍याचा’चे ‘वार्याचा’ होते. रेंज हिंदी उदाहरणावरून अर्धवट उचलली असेल तर ळ (यू+०९३३) आणि ॲ (यू+०९७२) राहिले नाहीत ना, तेही पाहा.

फॉन्टकन्व्हर्ट वापरणाऱ्यांपुढे याच्याही आधीची अडचण येते. २३०४ ते २४३१ दिले तर हेडर फाइल बनते, स्केच कंपाइल होते आणि पडदा कोरा. अ‍ॅडाफ्रूट जीएफएक्सचे छपाईचे फंक्शन एका वेळी एक बाइट घेते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, आणि ते बाइट जोडून कोडपॉइंट काढायचे कामच ही लायब्ररी करत नाही. यू८जी२ मधले ‘ड्रॉयूटीएफ८’ ते करते, म्हणून फोटो बहुतेक तिथला असतो.

मग करायचे काय? पडद्यावर काय-काय येणार ते आधीच ठाऊक असेल (आणि उपकरणांत बहुधा असतेच) तर फॉन्टच्या नादी लागू नका. प्रत्येक ओळ संगणकावर शेपिंग करणाऱ्या एचबी-व्ह्यू किंवा पँगो-व्ह्यूने चित्र म्हणून काढा, एक-बिट करा आणि एक्सबीएम या चित्रप्रकारात बोर्डच्या फ्लॅश मेमरीत ठेवा. १२८ × २४ ची पट्टी ३८४ बाइटांची. ३० ओळींना ११,५२० बाइट. बदलणारे आकडे तेवढे फॉन्टने छापा: ० ते ९ या अंकांना शेपिंग लागत नाही, त्यांच्यासाठी ती प्रसिद्ध ‘एक कमांड’ खरोखर पुरते.

शब्द जुळवून नवीन वाक्ये करायची असतील तर वाट लांबची. शब्दांची यादी हार्फबझच्या एचबी-शेपला द्या. ‘--नो-ग्लिफ-नेम्स’ दिले की ग्लिफचे क्रमांक, त्यांची सरक (पुढचे अक्षर किती अंतरावर सुरू होते) आणि विस्थापन (ग्लिफ जागेवरून किती हलवायचा) मिळते. हे आकडे फॉन्टच्या एककांत असतात, त्यामुळे आकाराने गुणून एमने भागायचे. ते ग्लिफ क्रमांकाने रेंडर करायला ओटीएफटूबीडीएफ उपयोगाचे नाही. फ्रीटाइप या फॉन्ट रेंडर करणाऱ्या लायब्ररीच्या ‘लोड ग्लिफ’ला हाक मारणारी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहावी लागते. इथे आमचा आग्रह असा की सुटे ग्लिफ साठवू नका, ‘र्द्र’ किंवा ‘ऱ्या’ असे पूर्ण अक्षरगट एकेक चित्र म्हणून साठवा. कारण रफार, अनुस्वार आणि उकार कुठे बसवायचे हे जीपॉस तक्ता दर अक्षरागणिक वेगळे सांगतो, आणि बिटमॅप फॉन्टमध्ये त्याला जागाच नाही. प्रत्येक गटाला खासगी वापराच्या विभागातला, म्हणजे यू+ई००० पासून पुढचा कोडपॉइंट द्या (बीडीएफमध्ये ५७३४४ पासून). तिथे ६,४०० जागा आहेत. मजकूरही त्याच कोडांत रूपांतरित करून फर्मवेअरमध्ये घाला. ‘ड्रॉयूटीएफ८’ला काही कळत नाही, ते निमूट छापते.

शिरोरेषेत फटी पडल्या तर दोन गोष्टी तपासा. सरक दर ग्लिफला पूर्णांकात गोल होते आहे का? फट असलेल्या ग्लिफची सरक एक पिक्सेल कमी करा, की शिरोरेषा पुढच्या अक्षराला भिडते. आणि पुढचे अक्षर आपल्या पार्श्वभूमीने मागच्याचे टोक पुसते आहे का? यू८जी२ मध्ये ‘सेटफॉन्टमोड’ला १ दिले की पार्श्वभूमी पारदर्शक होते. अ‍ॅडाफ्रूट जीएफएक्समध्ये नेमके उलटे: स्वतःच्या फॉन्टने छापताना ती पार्श्वभूमी रंगवतच नाही, म्हणून जुन्या आकड्यावर नवा आकडा चढतो. आधी तेवढा आयत भरून घ्यावा लागतो.

“जागा नगण्य”

इंग्रजीपुरते खरे. ९५ चिन्हे, सरासरी ८ × १२ पिक्सेल, म्हणजे प्रत्येकी १२ बाइट, एकूण १,१४०. वर अ‍ॅडाफ्रूटच्या रचनेत दर ग्लिफला ७ बाइटांची नोंद, म्हणजे आणखी ६६५. एटीमेगा३२८पी या आर्डुइनोच्या चिपच्या ३२ केबी फ्लॅशमध्ये सहज. पण २० × २४ चे ३०० अक्षरगट म्हणजे प्रत्येकी ६० बाइट आणि १८,००० बाइट नुसती चित्रे. चार-बिट छटा घेतल्या की ७२,०००. अ‍ॅडाफ्रूटच्या रचनेत चित्राचा पत्ता १६ बिटांचा आहे, ६५,५३५ च्या पुढे तो गुंडाळून पुन्हा शून्यापासून सुरू होतो. पहिली काही अक्षरे नीट आणि शेवटची कचरा, असे दिसले की कारण बहुधा हेच. यू८जी२ रन-लेंग्थने दाबते म्हणून तिथे आकडा बराच खाली येतो.

“एकदा बनवा, हवे तितके मोठे करा”

सल्ल्याची ही शेपटी काही ठिकाणी जोडलेली दिसते. अक्षर मोठे करणारी ‘सेटटेक्स्टसाइझ २’ ही आज्ञा प्रत्येक पिक्सेलचे चार करते, बस. वळणाच्या पायऱ्या होतात. बिटमॅप फॉन्टमध्ये एक आकार म्हणजे एक फाइल. दोन आकार हवेत तर दोनदा बनवा, दोनदा तपासा.

“फुकटचा फॉन्ट, परवान्याची भानगड नाही”

मुक्त किंवा लोहित देवनागरी हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, वापरायला पैसे पडत नाहीत. पण त्या परवान्याच्या व्याख्येतच फॉन्टचे ‘स्वरूप बदलणे’ म्हणजे सुधारित आवृत्ती, असे लिहिलेले आहे. तुमची बीडीएफ किंवा हेडर फाइल प्रकल्पासोबत वाटणार असाल तर ती त्याच परवान्याखाली, परवान्याचा मजकूर आणि मूळ कॉपीराइटची ओळ सोबत ठेवूनच वाटता येते. मूळ नाव राखीव म्हणून जाहीर केलेले असेल तर परवानगीशिवाय ते नाव वापरता येत नाही, आणि फॉन्टकन्व्हर्ट अ‍ॅरेचे नाव टीटीएफ फाइलच्या नावावरूनच बनवते. तेवढे बदलून मग फाइल बाहेर सोडा.