आजोबांची याशिका आणि बार्नॅकचा लायका

भाऊ, तुमचा राग कळला. तुम्ही म्हणता, जुन्या कॅमेऱ्याला भाव नाही असं लिहून मी लोकांना घाबरवतो, म्हणजे ते मातीमोल विकतील अन् माझ्यासारखे उचलतील, आणि वर शंभर कोटी रुपयांच्या पुढे गेलेल्या लायका कॅमेऱ्याची बातमी दिलीत.

बातमी खरीच आहे हो. जून 2022, जर्मनीतल्या वेट्झलारचा लिलाव, 1 कोटी 44 लाख युरो. पण कॅमेरा कोणता ते पण बघा ना, 1923 च्या झीरो सिरीजचा, म्हणजे बाजारात येण्याआधी चाचणीसाठी बनवलेल्यांपैकी, 105 नंबर, ज्यानं लायका बनवला त्या ऑस्कर बार्नॅकचा स्वतःचा, डोळा लावून बघायच्या व्ह्यूफाइंडरवर त्याचं नाव कोरलेलं. त्याच सिरीजचा 122 नंबर 2018 ला व्हिएन्नात 24 लाख युरोला गेला होता. सहापट फरक! त्यातला बराचसा त्या नावाचा. गंमत म्हणजे 105 ची बोली थांबली 1 कोटी 20 लाखावर, वरचे 24 लाख लिलाववाल्यांचं घेणाऱ्याकडून घेतलेलं कमिशन, म्हणजे नुसत्या कमिशनमध्ये 122 नंबर आला असता.

आता तुमच्या आजोबांची याशिका मॅट. कॅमेरा झकास, पण कारखान्यातून ढिगानं निघालेला माल आहे तो. आपल्या चाळीसगावचे नामवंत फोटोग्राफर केकी मूस यांच्या हातातला असता आणि तसा कागद असता तर गोष्ट वेगळी. नेटवर दोन लाख लिहिलेत म्हणता, ती विकणाऱ्याची इच्छा झाली भो. केळीचं कसं असतं, फळ्यावर भाव एक अन् बांधावर हातात पडतो दुसराच, तसंच आहे हे. विकून झालेल्यांचे आकडे बघा.

आणि मी उचलतो म्हणता, तर मीच कसा गंडलो ते ऐका. एकदा सोनेरी लायका घेतला, वर गरुडाचा शिक्का, लाकडी डबी, मी हवेत. घरी आणून लेन्स फिरवून काढली, आत रेंजफाइंडरचं (अंतर जुळवायच्या यंत्रणेचं) गोल चाक पाहिजे तिथं चपटी जीभ. म्हणजे लायकाची सोव्हिएत नक्कल, फेड नाहीतर झोर्की, वरून सोनेरी मुलामा. बायको अजून त्याला 'सोन्याचं अंडं' म्हणते.

एक मात्र तुमचं बरोबर, 'भाव नाही' हे मी सरसकट लिहायला नको होतं. चालू कंडिशनमधल्या याशिकाला गिऱ्हाईक आहे, हल्ली पोरं रोल टाकून फोटो काढतात. म्हणून विकायच्या आधी शटर एक सेकंदावर ठेवून दाबून बघा, अडकतंय का, आणि मागचं झाकण उघडून, शटर 'बी'वर ठेवून दाबून धरा म्हणजे ते उघडं राहील, अन् लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. अन् ते चामड्याचं कव्हर आजच काढून बाजूला ठेवा, पावसाळ्यात ओल तिथंच धरते.