काँक्रीटचं लाइफ जॅकेट आणि आयएसओ

दर दोन-तीन महिन्यांनी एक मजकूर ग्रुपवर फिरून येतो. मथळा बदलतो, आशय तोच. आयएसओ म्हणजे भिंतीवर टांगायची फ्रेम. काँक्रीटचं लाइफ जॅकेट बनवा, प्रत्येक जॅकेट अगदी सारखं बनवा, तसं लिहून ठेवा, की आयएसओ ९००१, म्हणजे गुणवत्ता व्यवस्थेचं प्रमाणपत्र, मिळालंच. बाकी सगळे कागद रंगवायचे धंदे. पैसे मोजले की कुणालाही मिळतं. छोट्या उद्योगाला निव्वळ भुर्दंड. आणि एवढं करून नफ्यात फरक शून्य.

खाली हसण्याच्या इमोजींची रांग असते. अंतर्गत ऑडिटमध्ये बरीच वर्षं घालवल्यामुळे हसू मलाही येतं, कारण यातली काही दृश्यं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पण पाच विधानं एका दोरीत ओवली की एक खरं असल्यावर पाचही खरी वाटू लागतात. म्हणून एकेक वेगळं काढून बघू.

“काँक्रीटच्या लाइफ जॅकेटलाही आयएसओ मिळतं”

हा विनोद एका काळाला बराचसा लागू होता. आयएसओ ९००० मालिका पहिल्यांदा १९८७ मध्ये आली. तिचा पाया होता १९७९ चं ब्रिटिश मानक बीएस ५७५०, आणि त्याच्याही मागे लष्करी खरेदीची परंपरा होती. अमेरिकी सैन्याने पुरवठादारांसाठी १९५९ मध्येच गुणवत्ता व्यवस्थेच्या अटी घातल्या होत्या. तयार माल तपासून वाईट तेवढा फेकून देणं परवडत नव्हतं. माल जिथे बनतो तिथली पद्धतच बघायला हवी, हे शहाणपण तिथून आलं.

१९८७ मध्ये प्रमाणपत्रासाठी एक नव्हे, तीन मानकं होती. ९००१ मध्ये डिझाइनपासून विक्रीनंतरच्या सेवेपर्यंत सगळं यायचं. ९००२ मध्ये उत्पादन यायचं, पण डिझाइन नाही. ९००३ मध्ये फक्त शेवटची तपासणी. म्हणजे दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून माल बनवणाऱ्याने ९००२ घेतलं, तर ते ड्रॉइंग मुळात शहाण्याने काढलंय की नाही हा प्रश्न त्या प्रमाणपत्राच्या कक्षेतच नव्हता. काँक्रीटचं जॅकेट त्या फटीतून आत शिरू शकलं असतं. २००० च्या आवृत्तीने तिन्ही मानकं एकत्र केली आणि ग्राहकाचं समाधान मोजणं सक्तीचं केलं. फट बुजली, विनोद मात्र चालूच राहिला.

आज लागू असलेल्या २०१५ च्या आवृत्तीत ते जॅकेट कुठे बुडेल? आठव्या कलमातच. तिथे ऑर्डर घेण्याआधी मालाच्या अपेक्षा ठरवायच्या असतात. ग्राहकाने सांगितलेल्या, कायद्याने घातलेल्या, आणि ग्राहकाने न सांगितलेल्या पण वापरासाठी आवश्यक अशा माहीत असलेल्यासुद्धा. हा शेवटचा तुकडा मला फार आवडतो. लाइफ जॅकेटच्या ऑर्डरवर “ते तरंगावं” असं कोण लिहितं? ते लिहावं लागत नाही, तरी ते बघणं तुमच्यावर बंधनकारक आहे. त्यापुढे डिझाइन करणाऱ्याला, बनलेली वस्तू ठरलेल्या वापराला खरंच उतरते का, हे पडताळावं लागतं. आणि समजा तरीही जॅकेट बाजारात गेलं, तर पुढे ग्राहकाचा अभिप्राय गोळा करायचा आहे. या ग्राहकांकडून तो कसा आणणार, ते विनोद करणाऱ्यांनी सांगावं.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. जॅकेटला किती उत्प्लावकता, म्हणजे तरंगवण्याची ताकद, हवी, हे ९००१ सांगत नाही. ते वस्तूच्या मानकात असतं. लाइफ जॅकेटसाठी आयएसओ १२४०२ ही वेगळी मालिकाच आहे. ९००१ वस्तूला मिळत नाही, संस्थेच्या कामाच्या पद्धतीला मिळतं, आणि म्हणूनच त्याचं चिन्ह मालावर किंवा खोक्यावर छापायला परवानगी नसते. “आयएसओ प्रमाणित उत्पादन” असं ९००१ च्या जोरावर कुणी छापलं असेल, तर तिथे शंका घ्यायला पूर्ण जागा आहे.

“नुसतं कागदी काम”

इथे दोष आहे, पण तो मानकात कमी आणि कपाटात जास्त आहे. १९९४ च्या आवृत्तीत वीस कलमं होती आणि जवळजवळ प्रत्येकासाठी लेखी प्रोसिजर लागायची. २००० आणि २००८ च्या आवृत्त्यांत सक्तीच्या लेखी प्रोसिजर सहावर आल्या. २०१५ मध्ये त्या सहाही गेल्या, क्वालिटी मॅन्युअलची सक्ती गेली, आणि सगळा भार ज्याच्या गळ्यात घातला जायचा त्या ‘एमआर’चं (मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे व्यवस्थापनाचा प्रतिनिधी) पदही सक्तीचं राहिलं नाही. काय लिहून ठेवायचं आणि किती, हे बरंचसं तुमच्या कामाच्या गुंतागुंतीवर सोडलेलं आहे. तरीही जाडजूड फायली दिसतात. त्या बहुतेक वेळा कन्सल्टंटने दुसऱ्या कुठल्या कंपनीतून उचललेल्या असतात. एकदा एका मॅन्युअलमध्ये मधल्याच पानावर आधीच्या कंपनीचं नाव तसंच राहिलेलं मी पाहिलं. ते तीन वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, यावरून ते किती जणांनी वाचलं होतं हे कळतं.

जे कागद खरोखर लागतात, ते कशासाठी लागतात याचं एक उदाहरण देतो. समजा, मोजमापाचं एखादं उपकरण, साधं व्हर्निअर, कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता पडताळायला, पाठवलं आणि ते चुकीचं दाखवतंय असं निघालं. बहुतेक ठिकाणी स्वाभाविक प्रतिक्रिया अशी: दुरुस्त करा, नाहीतर नवीन आणा. मानक इथे एक गैरसोयीचा प्रश्न विचारतं. या व्हर्निअरने आतापर्यंत जे मोजलंत, त्याचं काय? गेल्या कॅलिब्रेशनपासून कोणता माल यावर पास झाला, तो कुठे गेला, त्यातला परत बोलवायचा का? याचं उत्तर द्यायचं तर कोणत्या दिवशी कोणत्या उपकरणाने काय मोजलं, याची नोंद हवी. ती नसेल तर दोनच पर्याय उरतात: सगळा माल परत बोलवा किंवा देवावर हवाला ठेवा. नोंद असेल तर दोनशे नगांची एकच लॉट बाजूला काढून काम भागतं. हा ‘कागद’ रोज लिहायला अर्धा मिनिट लागतो.

दुसरं, सुधारणात्मक कारवाई. माझ्या मते अख्ख्या मानकातलं सगळ्यात किमती कलम हेच, आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं तेही हेच. चूक सापडली की चार गोष्टी करायच्या. आधी परिणाम सावरा. मग कारण शोधा. हेच कारण आणखी कुठे दडलंय का ते बघा. उपाय केल्यावर काही काळाने तो लागू पडला का ते तपासा. प्रत्यक्षात काय होतं? एका ठिकाणी एकाच पार्टमध्ये भोक चुकीच्या बाजूला पडल्याची तक्रार तीनदा आली. तिन्ही वेळा रजिस्टरमध्ये कारण ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ आणि उपाय ‘ताकीद दिली’. ऑपरेटर तीन वेगवेगळे होते! चौथ्या वेळी कुणीतरी फिक्स्चर, म्हणजे भोक पाडताना पार्ट धरून ठेवणारा साचा, हातात घेऊन पाहिलं. पार्ट दोन्ही बाजूंनी तितक्याच सहजपणे बसत होता. एक छोटी पिन लावल्यावर उलटा बसेना. तक्रार परत आली नाही. रजिस्टर पहिल्या दिवसापासून होतं, त्याने काही सोडवलं नाही. पण तीन नोंदी एकाखाली एक दिसल्या नसत्या, तर फिक्स्चरपर्यंत कुणी पोचलंच नसतं.

ऑडिटच्या आदल्या रात्री एकाच पेनाने सहा महिन्यांची रजिस्टरं भरली जातात, हे आरोप करणाऱ्यांचं म्हणणं खरं आहे. ती मी पाहिली आहेत. शाईचा रंग बघूनच कळतं.

“पैसे फेकले की प्रमाणपत्र मिळतं”

पाचांपैकी हाच मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, म्हणून जरा सावकाश. पहिली गोष्ट, जिनिव्हाची आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाही प्रमाणपत्र देत नाही. ती मानकं लिहिते. प्रमाणपत्र देतात त्या वेगळ्या संस्था. त्यांनी कसं वागायचं याचं आयएसओ/आयईसी १७०२१ हे स्वतंत्र मानक आहे, आणि त्या तसं वागतात का हे बघणाऱ्या मान्यता संस्था त्यांच्याही वर असतात. १७०२१ मधली एक अट अशी की जी संस्था प्रमाणपत्र देते, तिने व्यवस्था बसवण्याचा सल्ला द्यायचा नाही. म्हणजे “आम्हीच सगळं तयार करून देतो आणि आम्हीच सर्टिफिकेटही देतो, दहा दिवसांत” अशी जाहिरात दिसली, तर ती या साखळीच्या बाहेरची आहे हे जाहिरातीतच लिहिलेलं असतं. रीतसर प्रमाणपत्राला दोन टप्प्यांचं ऑडिट, मग दरवर्षी सर्व्हेलन्स, म्हणजे देखरेखीचं, ऑडिट आणि तीन वर्षांनी पुन्हा पूर्ण तपासणी, असं चक्र असतं. तेव्हा पुरवठादाराने प्रमाणपत्र दाखवलं की त्यावर मान्यता संस्थेचं चिन्ह आहे का, आणि व्याप्तीच्या ओळीत नेमकं कोणतं काम लिहिलंय, एवढं तरी वाचावं. ‘ट्रेडिंग’साठी घेतलेलं प्रमाणपत्र उत्पादनासाठी दाखवणारे भेटतात.

साखळी रीतसर असली म्हणजे फसवणूक अशक्य, असं मात्र नाही. फ्रान्सच्या पीआयपी या स्तन-इम्प्लांट बनवणाऱ्या कंपनीची गुणवत्ता व्यवस्था प्रमाणित होती, आणि आत वैद्यकीय दर्जाच्या सिलिकोनऐवजी औद्योगिक सिलिकोन भरलं जात होतं. २०१० मध्ये ते उघडकीस आलं. तपासणीला येणारे कळवून येत, आणि तेवढ्या वेळापुरतं सगळं झाकून ठेवलं जाई. त्यानंतर युरोपियन आयोगाने २०१३ मध्ये न कळवता तपासणी करण्याची शिफारस केली, आणि २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमावलीत ती सक्तीची झाली. ऑडिट हा नमुना असतो. ज्याने ठरवून खोटं बोलायचं ठरवलंय त्याला दोन दिवसांत पकडण्यासाठी ते रचलेलंच नाही. ज्याची चूक नकळत होतेय, त्याला ती दाखवण्यासाठी ते आहे. या दोन अपेक्षांची गल्लत करून मग “ऑडिट कुचकामी” म्हणणं बरोबर नाही.

“छोट्यांना भुर्दंड”

ऑडिटचे दिवस मुख्यतः माणसांच्या संख्येवरून ठरतात, त्यामुळे बारा माणसांच्या युनिटला बाराशेंच्या कारखान्याइतकी फी पडत नाही. तरी खर्च आहेच, आणि मालकाचा वेळ हा त्यातला मोठा भाग. पण मानक पाळायला प्रमाणपत्र लागत नाही. विकत घ्या, वाचा, उपयोगी वाटेल ते सुरू करा. गिऱ्हाईक मागत नसेल तर फ्रेमचा खर्च टाळा. उलट छोट्या ठिकाणी २०१५ च्या आवृत्तीतलं संस्थेच्या ज्ञानाबद्दलचं कलम जास्त बोचतं. तिथे एका जुन्या कारागिराच्या हातात निम्मा कारखाना असतो, आणि तो निघून गेला की मशीन कसं सेट करायचं हे भिंतींना विचारावं लागतं.

“नफ्यात फरक पडत नाही”

डेव्हिड लिव्हाइन आणि मायकेल टॉफेल या अमेरिकी संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या जवळजवळ १००० कंपन्यांचा अभ्यास करून तो २०१० मध्ये प्रसिद्ध केला. ९००१ घेतलेल्यांची तुलना त्यांनी तशाच पण ते न घेतलेल्या कंपन्यांशी केली. घेतलेल्या कंपन्या बंद पडण्याचं प्रमाण बरंच कमी निघालं. ज्या टिकल्या त्यांची विक्री, नोकऱ्या आणि कामगारांची सरासरी कमाई जास्त वेगाने वाढली. कामावरच्या इजा किंचित घटल्या, पण इजांवरचा एकूण खर्च घटला नाही. तो घटण्याची अपेक्षा ९००१ कडून ठेवायची कशाला? त्यासाठी २०१८ पासून ४५००१ आहे.

आता, चांगल्या चालणाऱ्या कंपन्याच मुळात असल्या भानगडीत पडतात, मग श्रेय मानकाला का, ही शंका रास्त आहे. जोड्या लावून तुलना केली तरी ती शंभर टक्के जात नाही. शिवाय फायद्याचा काही भाग दारं उघडण्याचा असतो. दूरदेशीच्या खरेदीदाराला प्रत्येक पुरवठादाराकडे स्वतः जाता येत नाही, तो यादीतून प्रमाणपत्र नसलेले आधी खोडतो. हा फायदा कागदी म्हणा हवं तर. पण खोडला गेलेला तसं म्हणत नाही.

बाकीच्या मानकांतही सगळ्यांचा फायदा सारखाच मोजता येतो असं नाही. पर्यावरणाचं १४००१ आणि माहिती सुरक्षेचं २७००१ यांत न घडलेल्या अपघाताची किंमत धरावी लागते, आणि न घडलेलं काही ताळेबंदात दिसत नाही. ऊर्जेचं ५०००१ मला त्यामुळे प्रामाणिक वाटतं. आधी तुमची आधाररेषा, म्हणजे तुलनेसाठी सुरुवातीचा आकडा, ठरवा, आणि मग नुसती व्यवस्था नव्हे, ऊर्जेची प्रत्यक्ष कामगिरी सुधारत चाललीय हे आकड्यांनी दाखवा, असं ते थेट म्हणतं. मीटर खोटं बोलत नाही, निदान ऑडिटच्या आदल्या रात्री तरी नाही.

गेल्या वेळी हा मजकूर आला तेव्हा पाठवणाऱ्याला मी विचारलं, तुमच्याकडे मागच्या ऑडिटमध्ये एनसी (नॉनकन्फॉर्मिटी, म्हणजे मानकाशी न जुळणाऱ्या त्रुटी) कोणत्या निघाल्या? उत्तर आलं, “एकही नाही. सलग तीन वर्षं शून्य.” सोबत अंगठ्याचा इमोजी होता. मी पुढे विचारलं, आणि त्याच तीन वर्षांत ग्राहकाकडून परत आलेला माल? त्यावर अजून दोन निळ्या टिकाच आहेत.