मानधन घेतलं म्हणून गाणं विकलं जात नाही

श्रावण लागला की आमच्या गुहागर तालुक्यात वाडीवाडीत जाखडीच्या, म्हणजे गणपतीतल्या बाल्या नाचाच्या, तालमी सुरू होतात. यंदा तालमीच्या जोडीला मोबाइलवर एक संदेशही फिरतोय. मला तो सात-आठ ग्रुपवरून आला. मजकूर थोडक्यात असा: ‘कवी आणि संगीतकारांनी लक्षात ठेवावे. गाण्याचा मालक तो, ज्याने रेकॉर्डिंगला पैसे घातले आणि ज्याच्या चॅनलवर गाणे आधी पडले. मानधन घेतले की तुमचा विषय संपला. रजिस्टर केले नसेल तर कॉपीराइट नसतोच. पारंपरिक चालीवरच्या गाण्यावर कुणाचाच हक्क नाही. असे हक्क मागत बसलात तर उद्या गणपतीपुढे आरती म्हणायलाही पैसे पडतील.’

यातलं पारंपरिक चालीचं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची सगळी चुकीची आहेत. मी गाणी लिहितो. चुकीच्या सल्ल्याने माझं स्वतःचं नुकसान झालेलं आहे, एक मैत्री तुटता तुटता वाचली आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पैसे घालणारा मालक, हे पहिलं. १९५७ चा कॉपीराइट कायदा गाण्याला एक वस्तू मानतच नाही. शब्द ही साहित्यकृती, तिचा कर्ता कवी. चाल ही संगीतकृती, तिचा कर्ता संगीतकार. या संगीतकृतीच्या व्याख्येत शब्द धरायचे नाहीत असं कायद्यातच लिहिलंय. तिसरं ध्वनिमुद्रण, आणि त्याचा मालक निर्माता, म्हणजे पैसे घालणारा. त्याच्या मालकीचं असतं ते ध्वनिमुद्रण. ती फाइल दुसऱ्या कुणी उचलून आपल्या चॅनलवर टाकली तर त्याने जरूर तक्रार करावी. पण माझे शब्द आणि ती चाल घेऊन दुसऱ्या मंडळाला दुसऱ्या आवाजात नवं रेकॉर्डिंग करायचं असेल, तर शब्दांसाठी मला विचारायचं आणि चालीसाठी संगीतकाराला. चॅनलवर आधी कोण चढलं, याचा मालकीशी काही संबंध नाही. गायक आणि ढोलकीवाला यांचाही आपल्या सादरीकरणावर वेगळा हक्क असतो, तो पन्नास वर्षं चालतो.

आता मानधन. इथे जरा थांबतो, कारण आमची माणसं फसतात ती इथेच.

चार वर्षांपूर्वी मी एक गवळण लिहिली. चाल माझ्या मित्राची. आम्ही एकाच वाडीतले, शिमग्यात एकाच पालखीला खांदा देणारे. रेकॉर्डिंग करणाऱ्याने मला तीन हजार दिले, मित्राला पाच. कागद कुठलाच नाही. गाणं चॅनलवर आलं तेव्हा शेवटचं कडवं गायब होतं. शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे जाखडीतल्या दोन पक्षांच्या सवाल-जबाबाच्या, कवीला विचारा त्या कडव्यात काय असतं: गुरूचं नाव आणि कवीचं नाव. अभंगात ‘तुका म्हणे’ जिथे येतं, तिथेच आमचीही नाममुद्रा येते. ती कापली होती आणि गाण्याखाली ‘गीत-संगीत’ म्हणून एकट्या मित्राचं नाव होतं. मी चौकशी केली तर उत्तर आलं, ‘संगीतकाराने गाणं विकलंय, त्यालाच विचारा.’ मित्राने चौकशी केली तेव्हा त्याला सांगितलं गेलं, ‘कवीने मानधन घेऊन हक्क सोडलेत.’ आम्ही दोन वर्षं एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या वर्षी एका तेराव्याला शेजारी बसलो, तेव्हा कुठे ही दोन उत्तरं एकमेकांना कळली.

कलम १९ सांगतं की कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी करार हवा, त्यावर देणाऱ्याची सही हवी, कोणते हक्क दिले ते लिहिलेलं हवं आणि मोबदलाही. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कागदच नसेल तर मालकी जिथे होती तिथेच राहते. आपण स्वतः गाणं रेकॉर्डिंगला दिलं म्हणजे ते वापरायला मान्यता दिली, असं समोरचा म्हणू शकतो आणि त्यात तथ्यही असेल. पण वापरायची मान्यता वेगळी, मालकी वेगळी.

आणि समजा सही केली, सगळे हक्क लिहून दिले, तरी एक गोष्ट लिहून देता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये घातलेली तरतूद अशी आहे: ध्वनिमुद्रणातल्या शब्दांचा आणि चालीचा कर्ता रॉयल्टीतला, म्हणजे गाणं वापरल्याबद्दल मिळणाऱ्या पैशातला, आपला वाटा सोडूच शकत नाही. हक्क घेणाऱ्याबरोबर रॉयल्टी समसमान वाटली गेली पाहिजे. तो वाटा फक्त आपल्या वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे कर्त्यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला, देता येतो, आणि याविरुद्धचा करार रद्दबातल ठरतो. म्हणजे ‘एकरकमी, पुढे काही मागणार नाही’ असं लिहिलेल्या कागदावर अंगठा उठवला असला तरी ते वाक्य कायद्यापुढे टिकत नाही.

हे फुकट मिळालेलं नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल चित्रपट निर्मात्यांच्या बाजूने गेला होता. चित्रपटासाठी काम देऊन लिहून घेतलेल्या गाण्यांवर, उलट करार नसेल तर, निर्मात्याची मालकी त्यात मान्य झाली. पुढची पस्तीस वर्षं गीतकार-संगीतकारांनी त्याचे चटके सोसले. जावेद अख्तर राज्यसभेत असताना या दुरुस्तीसाठी भांडले, तेव्हा २१ जून २०१२ पासून ती लागू झाली. एवढ्या खटपटीने मिळालेला हक्क व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ओळीने आम्ही सोडून द्यायचा?

कापलेल्या नाममुद्रेचं उत्तर कलम ५७ मध्ये आहे. कॉपीराइट विकला तरी कर्ता म्हणून नाव सांगण्याचा हक्क कवीकडेच राहतो, आणि त्याच्या मानाला धक्का लागेल अशी मोडतोड झाली तर तो दाद मागू शकतो.

आमच्या दोघांतही एक खरा वाद होता, तो लपवत नाही. मात्रा बसत नव्हती म्हणून मित्राने दोन ओळी फिरवल्या होत्या. तेवढ्याने तो शब्दांचा भागीदार होत नाही, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. धृपदाची गोष्ट मात्र वेगळी. ते आम्ही ढोलकीसमोर बसून, एकमेकांच्या तोंडातले शब्द काढून घेत बांधलं. कुणाचं कुठलं, हे आज आम्हालाच वेगळं करता येत नाही, आणि कायद्यात संयुक्त कृतीची खूणही हीच आहे. अशा कृतीचा परवाना एका भागीदाराला दुसऱ्याच्या संमतीशिवाय देता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. धृपदावर त्याचा निम्मा हक्क मी मान्य केला आणि मला त्यात कमीपणा वाटला नाही.

नोंदणीचं दोन ओळींत. कृती लिहिली किंवा बांधली गेली की कॉपीराइट तयार होतो. नोंदणी ऐच्छिक आहे. पुरावा म्हणून ती उपयोगी पडते, एका साहित्य किंवा संगीतकृतीला शुल्क ५०० रुपये आहे, जमलं तर करावी. नाहीतर तारीख घातलेली वही आणि मित्राला पाठवलेला चालीचा व्हॉइस मेसेज जपून ठेवावा. आम्ही यंदा वहीच्या पानावरच कागद केला: शब्द कुणाचे, चाल कुणाची, धृपद दोघांचं, पैसे कसे वाटायचे. नाममुद्रेचं कडवं कापायचं नाही, ही अट मित्राने आपल्या हाताने लिहिली.

राहिली पारंपरिक चाल. नमनाची, पालखीची, कोळ्यांची जी चाल कुणी बांधली हे कुणालाच ठाऊक नाही, ती सगळ्यांची आहे, एवढं त्या संदेशात बरोबर आहे. पण त्या चालीवर जिवंत माणसाने लिहिलेले नवे शब्द त्याचेच असतात, आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं वारसांचे. आमच्याकडच्या गेलेल्या कवींच्या वह्या माळ्यावर पडून आहेत. त्यातली गाणी ‘पारंपरिक’ म्हणून चढवली जातात, तेव्हा ती त्यांच्या मुलाबाळांची मिळकत असते. उलटा प्रकारही तितकाच वाईट आहे. कुणीतरी जुन्या चालीचं रेकॉर्डिंग करतो, यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे सारखं गाणं आपोआप शोधणाऱ्या यंत्रणेत, ती घालतो आणि मग गावच्या मंडळाच्या व्हिडिओवर दावा लागतो. त्या यंत्रणेत फक्त आपल्या एकट्याच्या मालकीचीच गोष्ट घालता येते, असा यूट्यूबचाच नियम आहे. असा दावा आला तर घाबरून व्हिडिओ काढू नका, हरकत नोंदवा. समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात.

आरतीला पैसे पडतील, ही तर निव्वळ भीती घालणं आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं म्हणणं किंवा वाजवणं, लग्नाची वरात, हे कलम ५२ ने मोकळं ठेवलंय. हौशी मंडळाने फुकट बघणाऱ्यांपुढे किंवा देवस्थानाच्या मदतीसाठी केलेला कार्यक्रमही त्याच कलमात मोकळा आहे. म्हणजे घरोघरच्या अंगणात गणपतीपुढे नाचणारा बाल्या कुणाचं काही देणं लागत नाही. मुंबईत नाट्यगृह घेऊन, तिकीट लावून शक्ती-तुऱ्याचा सामना ठेवणाऱ्याला मात्र ही सूट नाही. त्याने गाणी ठरवतानाच कवीला फोन करावा.