करार झाला, पण वीजबिल कोण भरणार?

वाकायामा हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? जपानमधल्या ओसाकाच्या दक्षिणेला, समुद्र आणि डोंगराच्या मध्ये असलेला हा प्रांत. लोकसंख्या सुमारे नऊ लाख. आमच्या एकट्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 37 लाख होती, म्हणजे अंदाज आला असेल. या चिमुकल्या प्रांताशी महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर 2013 मध्ये सामंजस्य करार केला. पर्यटन आणि अन्नप्रक्रिया हे त्यातले मुख्य विषय. त्यानंतर शिष्टमंडळं आली, गेली, शाली आणि बाहुल्या दिल्या-घेतल्या गेल्या. मी अजिंठ्याच्या वाटेवर पर्यटनाच्या धंद्यात आहे, त्यामुळे या कराराबद्दल मला जरा जास्त कुतूहल आहे आणि खरं सांगायचं तर जरा जास्त रागही.

राग करारावर नाही. करार उत्तम आहे. ज्याने कुणी वाकायामाची निवड केली त्याला मी मनापासून दाद देतो. त्या प्रांतात कोयासान नावाचा डोंगर आहे. कुकाई नावाच्या भिक्खूने 816 मध्ये तिथे शिंगोन बौद्ध पंथाचा मठ उभारायला सुरुवात केली. आज तिथे शंभराहून जास्त मंदिरं आहेत, त्यातल्या कित्येक मंदिरांत पाहुण्यांना मुक्काम करता येतो, शाकाहारी जेवण मिळतं आणि पहाटेच्या प्रार्थनेला बसता येतं. 2004 पासून तो सगळा डोंगराळ परिसर आणि तिथले यात्रामार्ग युनेस्कोच्या यादीत आहेत. आपल्याकडे अजिंठा-वेरूळ 1983 पासून त्याच यादीत. नातं जोडायला यापेक्षा चांगलं निमित्त कुठून आणणार?

शिवाय 2015 मध्ये कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री असताना त्यांच्याच हस्ते अनावरण झालं. पुढे 2023 मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. पुतळा ही मोठी गोष्ट आहे, तिला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. जपानमधल्या एका जुन्या बौद्ध विद्यापीठाच्या आवारात बाबासाहेब उभे आहेत याचा आनंद आमच्या भागातल्या माणसाला काय असतो, ते मुंबईत बसून कळणार नाही. माझा प्रश्न पुतळ्याच्या पुढचा आहे.

पण आधी थोडं मागे जाऊ, कारण जपान आणि अजिंठा यांचं नातं 2013 मध्ये सुरू झालेलं नाही. जपानमधल्या नारा शहराजवळच्या होर्यूजी मंदिरातल्या भित्तिचित्रांमधला बोधिसत्त्व आणि आपल्या 1 नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी यांचं साम्य अभ्यासक शंभर वर्षांपासून सांगत आलेत. अराई काम्पो नावाचा जपानी चित्रकार पहिल्या महायुद्धाच्या काळात रवींद्रनाथांकडे बंगालमध्ये आला होता, तिथून तो अजिंठ्याला गेला आणि भित्तिचित्रांच्या नकला करून त्याने त्या जपानला नेल्या. 1923 च्या भूकंपात टोकियो जळालं, त्यात त्या नकलाही गेल्या. 1949 मध्ये होर्यूजीच्या मुख्य दालनाला आग लागली आणि तिथली मूळ चित्रंही होरपळली. जपानने त्यावर काय केलं? पुढच्याच वर्षी सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला. आगीची ती तारीख, 26 जानेवारी, आजही तिथे आगीपासून वारसा वाचवण्याचा दिवस म्हणून पाळतात, देवळादेवळांत पाण्याचे फवारे सोडून सराव होतो. हे लोक जतनाच्या बाबतीत किती गंभीर आहेत ते लक्षात ठेवा, पुढचं वाचताना उपयोगी पडेल.

तर 1992 मध्ये जपानने अजिंठा-वेरूळ संवर्धन आणि पर्यटन विकास प्रकल्पासाठी 3.745 अब्ज येनचं कर्ज दिलं. 2003 मध्ये दुसऱ्या टप्प्यासाठी आणखी 7.331 अब्ज येन. या पैशांतून लेण्यांची डागडुजी, रस्ते, पाणीपुरवठा, झाडं, विमानतळाची कामं अशी बरीच यादी पूर्ण झाली. आज तुम्ही फर्दापूरच्या टी पॉइंटला गाडी लावून बसने लेण्यांपर्यंत जाता, लेण्यांच्या पायथ्याशी खासगी गाड्यांचा धूर होत नाही, त्यामागचा विचारही त्याच काळातला. आणि याच प्रकल्पातून अजिंठा आणि वेरूळ अशा दोन्ही ठिकाणी अभ्यागत केंद्रं बांधली गेली.

अजिंठ्याचं केंद्र ज्यांनी चालू असताना पाहिलं असेल त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. 1, 2, 16 आणि 17 या चार लेण्यांच्या प्रतिकृती आत उभ्या केल्या होत्या. कल्पना अतिशय शहाणपणाची होती. मूळ लेण्यांत माणसांच्या श्वासाने, घामाने, दमटपणाने रंगांचं नुकसान होतं, म्हणून तिथे थोडाच वेळ थांबू देतात, उजेडही मंद. त्यामुळे लोकांनी आधी केंद्रात यावं, जातककथा समजून घ्याव्यात, प्रतिकृती डोळे भरून पाहाव्यात, मग लेण्यांत जावं. ज्या आजीला पायऱ्या चढवत नाहीत, तिला तर केंद्रातच सगळं पाहता आलं असतं. जगातल्या चांगल्या वारसास्थळांवर असंच करतात.

2013 च्या आसपास ते सुरू झालं. आणि काही वर्षांतच विजेचं आणि पाण्याचं बिल थकून बंद पडलं.

हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहिलंय. भूकंप नाही, पूर नाही, कुणाचा विरोध नाही. बिल. अब्जावधी येनचं कर्ज घ्यायला दिल्ली ते टोकियो फायली फिरल्या, ते कर्ज आपण फेडायचं आहे, इमारत उभी राहिली, आणि वातानुकूलन चालवायला दरमहा लागणारी रक्कम कुणाच्या लेखाशीर्षात, म्हणजे सरकारी खर्चाच्या कोणत्या रकान्यात, बसवायची हे कुणी ठरवलंच नव्हतं. बांधायला पैसा मिळतो कारण बांधकामाचं उद्घाटन होतं. वीजबिल भरल्याचं उद्घाटन होत नाही.

रस्त्याची कथा त्याहून भारी. संभाजीनगर ते अजिंठा साधारण शंभर किलोमीटर. हा रस्ता 2018 च्या सुमारास रुंदीकरणासाठी उखडला आणि पुढची काही वर्षं आम्ही त्या धुळीत आणि चिखलात काढली. सिल्लोडच्या अलीकडे-पलीकडे गाडीत बसलेले पाहुणे डोक्याला हात लावून बसायचे. टूर कंपन्यांनी अजिंठा कार्यक्रमातून वगळायला सुरुवात केली, आणि जपानी पाहुणा एकदा वगळला गेला की परत आणणं सोपं नसतं. ते लोक वर्षभर आधी सगळं ठरवतात, बसची वेळ पाच मिनिटं चुकली तरी आमची माफी मागतात. आपण त्यांना काय तोंड दाखवणार? आमच्या शहरात जपानी बोलणारे गाइड आहेत, भाषा शिकायला त्यांनी तारुण्य घातलंय. त्या काळात त्यातले काही जण दुसऱ्या कामाला लागले. अशा माणसाला परत उभं करायला कोणत्या करारात कलम आहे?

मग कुठे जमलं? पुण्यात जमलं. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, ज्याला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान म्हणतात, 2006 मध्ये सुरू झालं. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन या जुन्या बागेच्या धर्तीवर ते रचलंय. तिथे तिकीट आहे, माळी आहेत, नियम आहेत, रखवालदार शिट्ट्या मारून लोकांना हिरवळीवरून उठवतो. पुणेकर त्या शिट्ट्यांवर चिडतात, पण बाग टिकली ती त्यामुळेच. महापालिकेच्या उद्यान विभागाकडे ती रोजच्या कामाचा भाग म्हणून आहे. मैत्री वगैरे शब्द पाटीवर, प्रत्यक्षात पाणी घालणारा माणूस ठरलेला. माझ्या मते महाराष्ट्र-जपान संबंधांतलं हे सर्वात यशस्वी काम आहे, आणि त्याबद्दल कुणी भाषण करत नाही.

वाकायामाने स्वतः दुसरीकडे काय केलं तेही पाहा. त्यांच्याकडे कुमानो कोदो नावाचे डोंगरातले यात्रामार्ग आहेत. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात सांतियागोला जाणारे यात्रामार्ग आहेत. 1998 मध्ये या दोन्हींचं नातं जोडलं गेलं. पुढे 2015 मध्ये वाकायामातलं तानाबे शहर आणि सांतियागो यांनी एक साधी योजना काढली. दोन्ही मार्ग चालणाऱ्याने शिक्के गोळा करायचे, शेवटी कार्यालयात दाखवायचे, मग त्याला दोन्हीकडचा यात्रेकरू म्हणून प्रमाणपत्र आणि बिल्ला मिळतो. कुमानोच्या मार्गावरच्या होंगूला तर त्याला देवळात मोठा ढोल वाजवायला देतात. जगभरातले लोक त्या बिल्ल्यासाठी पायपीट करतात. यात खर्च तो केवढा? एक वही, एक शिक्का आणि खिडकीत रोज बसणारा एक कर्मचारी. तो रोज बसतो, एवढंच.

(आता कुणी लगेच कमेंटमध्ये वारी आणू नका. वारीला बिल्ले वाटायची कल्पनाही मला सहन होत नाही.)

आपल्याकडे लोकांनी सरकारला न विचारता जोडलेलं नातंही आहे. ओकायामा प्रांतातच जन्मलेले भदंत सुरेई ससाई 1960 च्या दशकात नागपूरला आले आणि नागपूरचेच झाले, पुढे त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. त्यांची दीक्षा शिंगोन परंपरेतली, म्हणजे कोयासान ज्या परंपरेचं केंद्र तीच. दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी त्यांना पाहिलंय. कामठीचं ड्रॅगन पॅलेस मंदिर जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने 1999 मध्ये उभं राहिलं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 65 लाखांहून जास्त बौद्ध होते, देशातल्या बौद्धांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त. इतका मोठा जिवंत समाज इथे असताना आपण जपान्यांसमोर अजिंठा म्हणजे फक्त प्राचीन दगड म्हणून का मांडतो? कोयासानच्या विद्यार्थ्याने संभाजीनगर किंवा नागपूरच्या विद्यापीठात एक सत्र घालवावं, आपल्या मुलांनी तिकडे जावं, हे पुतळ्याइतकंच सहज सुचायला हवं होतं.

अन्नप्रक्रियेचंही तेच. वाकायामा हा जपानमधला संत्र्यांचा, म्हणजे त्यांच्या मिकानचा, अग्रगण्य प्रांत. तिथल्या आरिदा भागात फळ न कापता प्रकाशाच्या सेन्सरवरून गोडी आणि आंबटपणा मोजून प्रतवारी करतात, आणि तेही शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांच्या केंद्रांत. आपल्याकडे वरूड-मोर्शीचा संत्रा उत्पादक दरवर्षी व्यापाऱ्याच्या अंदाजावर बाग देऊन टाकतो. शिष्टमंडळातल्या दोन खुर्च्या त्याला द्या ना. सचिवांनी आरिदाची प्रतवारी पाहून काय करायचंय?

एक आक्षेप मला ठाऊक आहे. परराष्ट्र व्यवहार हा केंद्राचा विषय, राज्याने यात फार पडू नये. बरोबर. केरळने 2024 मध्ये परराष्ट्र सहकार्यासाठी एका अधिकाऱ्याकडे जबाबदारी दिली तेव्हा केंद्राने लगेच आठवण करून दिली होती. पण 2014 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने राज्यांसाठी स्वतंत्र विभाग काढला तो राज्यांनी असे संबंध वाढवावेत म्हणूनच. आणि अजिंठ्याच्या अभ्यागत केंद्राचं वीजबिल भरायला कोणत्या मंत्रालयाची परवानगी लागते?

वाकायामाच्या प्रांत सरकारात आंतरराष्ट्रीय संबंधांचा स्वतंत्र विभाग आहे. तिकडून पत्र येतं तेव्हा त्या टेबलावर कोण बसतं ते ठरलेलं असतं. आपल्याकडे अधिकाऱ्याची बदली झाली की नवीन माणूस पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि समोरचे जपानी पुन्हा एकदा वाकून ओळख करून देतात. म्हणून माझी मागणी बारीक आहे. पुढच्या वेळी कराराचं नूतनीकरण होईल तेव्हा त्याला एक परिशिष्ट जोडा. त्यात दोन्ही अभ्यागत केंद्रांच्या वीज, पाणी आणि देखभालीचा वार्षिक खर्च कोणत्या लेखाशीर्षातून जाणार ते लिहा. किमान तीन वर्षं न हलणारा एक अधिकारी नेमा, मंत्रालयात नको, संभाजीनगरला. जपानी गाइडांना वर्षातून एकदा तिकडे पाठवा. आणि दरवर्षी काय झालं, काय नाही, याचं एक पान मराठीत प्रसिद्ध करा, म्हणजे आम्हालाही भांडता येईल.

जपानी ग्रुप घेऊन जाणाऱ्या मित्रांनो, तुमचा अनुभव वेगळा असेल तर जरूर लिहा. सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी वेरूळ बंद हे बुकिंगच्या वेळी कुणी सांगत नाही, ही तक्रार अजूनही येते का? आणि सिल्लोड ते फर्दापूर रस्त्याची आत्ताची अवस्था ज्याला माहीत असेल त्याने कृपया खाली टाका, येत्या हंगामासाठी मला गाड्यांच्या वेळा ठरवायच्या आहेत.