मुंबई हायचे खोरे केवळ गाळाच्या वजनाने खचलेले नाही

मुंबईजवळच्या समुद्रातील मुंबई हाय या तेलक्षेत्राच्या तेलाविषयी एक सोपे स्पष्टीकरण बरेच फिरते आहे: नर्मदा-तापीने गाळ आणला, त्याच्या वजनाने समुद्रतळ खचला, पाण्याची पातळी वर-खाली झाली तसे थर बदलले, भूपट्टांचा (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांचा) संबंध हिमालयाशी, पश्चिम किनाऱ्याशी नव्हे.

वजनाचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो चटकन पटतो. गाळाच्या भाराने तळ खाली जातो. पण गाळ हा खालच्या प्रावरणापेक्षा, म्हणजे भूकवचाखालच्या जड खडकाच्या थरापेक्षा, हलका असल्याने या खचण्याला मर्यादा आहे. पाण्याची घनता १.०३, गाळाची २.३ आणि प्रावरणाची ३.३ (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) धरली, तर एक किलोमीटर खोल पाणी असलेली जागा सव्वादोन किलोमीटरांच्या आसपास गाळाने काठोकाठ भरते आणि खचणे थांबते. येथे तर भरायला तेवढीही खोली नव्हती. तळाशी असलेले ‘पन्ना’ नावाचे खडकांचे थर किनाऱ्यालगतच्या दलदलीत आणि उथळ पाण्यात साचलेले आहेत, आणि तरीही खोऱ्याच्या, म्हणजे गाळ साचलेल्या या खोलगट समुद्रतळाच्या, सखल भागांत गाळाची जाडी कित्येक किलोमीटर आहे. ही जागा ताणाने निर्माण केली. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर आणि सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी सेशेल्स भारतापासून सुटताना भूकवच ताणले गेले, पातळ झाले आणि प्रस्तरभंगांवरून (खडकांतील मोठ्या भेगांवरून) त्याचे ठोकळे घसरले; पुढे तापलेला तळ थंड होत कोट्यवधी वर्षे खचत राहिला. ताण आणि शीतन यांचे हे गणित भूभौतिकशास्त्रज्ञ डॅन मॅकेन्झी यांनी १९७८ मध्येच मांडले आहे. पश्चिम किनारा आज शांत आहे, एवढ्यावरून तो नेहमीच शांत होता असे ठरत नाही. हिमालयाचे म्हणाल, तर त्याची झीज सिंधूने अरबी समुद्रातच आणून पसरली आहे.

समुद्रपातळीचा मुद्दा त्याहून कमकुवत आहे. हिमयुगातील चढउतार सुमारे १२० मीटरांचा होता. किलोमीटरांचा हिशेब त्याने लागत नाही. शिवाय पातळी बदलली तर ती शेजारच्या दोन्ही भागांसाठी बदलते. मायोसीन काळात (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वी) मुंबई हायच्या उंच ठोकळ्यावर चुनखडक तयार होत असताना सुरतेकडील सखल भागात मात्र नद्यांची माती साचत होती, आणि हा फरक तळाच्या रचनेतून आलेला आहे. तेल सखल भागातील थरांत तयार होऊन उंचवट्याकडे सरकले. ‘सागर सम्राट’ या तेलविहीर खोदणाऱ्या जहाजाने १९७४ मध्ये खोदले ते या उंचवट्यावर, सर्वांत जाड गाळावर नव्हे.