‘फायनल टेबलवर सगळं नशीबच’ म्हणणाऱ्यांनी आधी आंबे मोजावेत

गेले काही दिवस तो फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेपण आला असेल, आमच्या घरच्या ग्रुपवर तर तिघांनी टाकला. त्यात म्हणणं असं की पोकर टूर्नामेंटमध्ये फायनल टेबलपर्यंत (म्हणजे शेवटचे मोजके जण एका टेबलवर उरेपर्यंत) डोकं चालतं, तिथून पुढे फक्त नशीब. का, तर एक, ब्लाइंड (पानं बघायच्या आधीच दोघांना सक्तीने लावाव्या लागतात त्या चिप्स, एक छोटा, एक मोठा) इतके वाढलेले असतात की ऑल-इनशिवाय, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम पुढे ढकलल्याशिवाय, काही करताच येत नाही. दोन, २००३ साली एक साधा अकाउंटंट पोकरची वर्ल्ड सिरीज जिंकून गेला. तीन, स्किल असतं तर दरवर्षी तोच माणूस जिंकला असता. आणि शेवटी सल्ला: फायनलला पोचलात ना, मग बरी पानं दिसली की डोळे मिटून सगळं पुढे ढकला, पन्नास-पन्नास तर आहेच.

पहिल्या तिन्हीत थोडं थोडं खरं आहे. सल्ला मात्र साफ चूक, आणि नेमकं तसंच वागून मी या मे महिन्यात देवगडला मार खाल्लाय.

आधी ब्लाइंडचं. दहा मोठ्या ब्लाइंडपेक्षा कमी चिप्स उरल्या की फार कलाकारी होत नाही हे मान्य, ढकला नाहीतर पानं टाका. पण कुठल्या जागेवरून ढकलायचं, मागे बोलायचे किती जण बाकी आहेत, त्यातला कोण घाबरलाय आणि कोणाकडे इतका ढीग आहे की तो मजा म्हणूनपण कॉल करेल (म्हणजे तितकंच लावून भिडेल), हे कोण ठरवणार, नशीब? हातातल्या दोन पानांत राजा-नव्वी घेऊन डीलरच्या जागेवरून (मागे फक्त ब्लाइंडवाले दोघं बाकी) ढकलणं बरोबर असू शकतं आणि तीच पानं घेऊन सगळ्यात आधी बोलताना ढकलणं वेडेपणा.

आता तो अकाउंटंट. ख्रिस मनीमेकर, टेनेसीचा, ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून (मोठ्या स्पर्धेची एंट्री जिंकून देणारी छोटी स्पर्धा) आला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला (आडनाव खरंच मनीमेकर, आपण काय करणार). नशीब होतं का? होतंच. मधे सगळ्यांची सामाईक अशी पाच पानं उघडतात; दहा जण उरले असताना फिल आयव्ही या कसलेल्या खेळाडूच्या नव्वीच्या जोडीचं त्यातल्या चौथ्या पानावर फुल हाऊस (तीन सारखी आणि एक जोडी) झालं आणि पाचव्या पानावर एक्का पडून मनीमेकरचं त्याहून मोठं झालं, आयव्ही घरी. पण फॉरवर्डवाले इथेच थांबतात. पुढे दोघंच उरले तेव्हा सॅम फार्हाकडे नव्वीची जोडी होती आणि मनीमेकरकडे नुसता राजा, फ्लश (पाच एकाच चिन्हाची) नाही, स्ट्रेट (पाच ओळीने) नाही, काही नाही. त्याने सगळं पुढे ढकललं, फार्हाने बराच विचार केला आणि पानं टाकली. हलकी पानं जिंकली! यात पत्त्यांचं नशीब कुठे आलं? आणि त्याच टेबलवर तिसरा आलेला डॅन हॅरिंग्टन, १९९५ चा विजेता, पुढच्या वर्षी २,५७६ जणांतून परत फायनल टेबलला येऊन चौथा आला, त्याचं नाव फॉरवर्डमध्ये नाही.

‘दरवर्षी तोच का नाही जिंकत’ हा मुद्दा तर मला कळतच नाही. एक्क्यांची जोडीसुद्धा राजांच्या जोडीकडून शंभरात अठरा वेळा हरते, मग हजारो लोकांच्या स्पर्धेत दरवर्षी एकच माणूस कसा येईल? एका दिवसापुरतं नशीब मोठंच असतं, मी नाही म्हणत नाही. डॉयल ब्रन्सन वर्ल्ड सिरीजमध्ये १९७६ आणि १९७७ दोन्ही वेळा शेवटचा डाव दश्शी-दुर्रीवर जिंकला, अशा फालतू पानांवर, त्याला दुसरं काय म्हणणार. पण आमच्याकडे रापण ओढणाऱ्यांनाही रोज बांगडा मिळत नाही, म्हणून जाळं कुठे टाकायचं ते त्यांना कळत नाही असं बोलायची हिंमत किनाऱ्यावर कोणी करत नाही.

बरं, आता आंबे.

सुट्टीत सगळे चाकरमानी आले की आमच्या पडवीत पत्ते होतात, यंदा मेंढीकोट सोडून पोकर. वीस जण, दोन सतरंज्या, चिप्स म्हणून प्रत्येकी ५० काजूच्या बिया. पैसे नाहीत, एंट्री नाही, बक्षीस बागेतलेच हापूस: पहिल्याला ५ डझन, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २. (पैसे लावून ऑनलाइन खेळायला २०२५ च्या कायद्याने बंदीच घातलीय, आणि गंमत म्हणजे त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवलेला नाही.)

शेवटी तिघं उरलो. चुलतभावाकडे ५०० बिया, माझ्याकडे ३००, आत्याकडे २००. भावाने सगळं ढकललं. आत्याने पानं टाकली. माझ्याकडे सत्तीची जोडी. मी म्हटलं पन्नास-पन्नास तर आहेच, आणि कॉल केला.

त्याच्याकडे निघाले एक्का-राजा, वेगवेगळ्या चिन्हांचे. म्हणजे मी किंचित पुढेच होतो, शंभरात ५५ वेळा मी जिंकतो. पाचवं पान राजा पडलं. भाऊ म्हणाला, बघ, नशीब! आणि रात्री त्यानेच तो फॉरवर्ड टाकला.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन बसलो. आयसीएम म्हणून एक हिशोब असतो, कोणाच्या किती चिप्स त्यावरून तो पहिला, दुसरा, तिसरा यायची शक्यता काढायची आणि त्या प्रमाणात बक्षिसाचा वाटा धरायचा. कॉल करायच्या आधी माझ्या ३०० बियांची किंमत होती साधारण ३९ आंबे. जिंकलो असतो तर ६०० बिया, म्हणजे दुप्पट, पण आंबे मात्र फक्त ४९. हरलो की नक्की २४. म्हणजे मिळवायचे १० आणि घालवायचे १५! कारण सगळ्या हजार बिया गोळा केल्या तरी आंबे ६०च मिळतात, १२० नाही, त्यामुळे हातातली बी नेहमी जिंकायच्या बीपेक्षा महाग. ब्लाइंडच्या किरकोळ बिया सोडल्या तर तो कॉल परवडायला मला शंभरात ६१ वेळा जिंकायला हवं होतं, आणि ५५ म्हणजे पुढे असूनही तोट्यात.

आता कोणी म्हणेल, त्याची पानं तुला आधी कुठे दिसत होती. बरोबर. तो वाटेल ती पानं घेऊन ढकलणारा असता तर सत्तीची जोडी शंभरात ६६ वेळा जिंकली असती आणि कॉल योग्य ठरला असता. पण हा माणूस अर्धा तास गप्प बसून पानं टाकत होता. असा माणूस ढकलतो तेव्हा एकतर मोठे एक्के-राजे किंवा माझ्यापेक्षा मोठी जोडी, आणि तिथे सत्ती ६१ च्या जवळपासही जात नाही. हे सगळं मला समोर दिसत होतं. राजा पाचव्या पानावर पडला हे नशीब, पण तो पडला नसता तरी कॉल चुकीचाच होता.

आणि आत्या? आमची मारामारी सुरू झाली तेव्हा तिचा वाटा होता साडेचौतीस आंब्यांचा. मी जिंकलो असतो तर तो थोडा वाढून पस्तीसवर गेला असता. मी हरलो तर जवळजवळ एक्केचाळीस, एकही पान न खेळता. शेवटी ती दुसरी आली आणि ३ डझन घेऊन गेली. मी विचारलं, आत्या, तुला हा हिशोब माहीत होता काय गो?

“माका खयचो हिशोब,” ती म्हणाली, “तुमी दोघा झगडी होतास, म्हणान मी गप रवलंय.”