लेआउटमधून प्लॉट काढायचाय

कॉम्प्युटरवरच्या पोराला मी फक्त एवढंच म्हणालो, "दादा, लेआउट तयार आहे, त्यातून एक प्लॉट काढून दे." ऑटोकॅडवर, म्हणजे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरवर, काम करणाऱ्याला प्लॉट म्हणजे नकाशाची मोठी प्रिंट, आणि हे वाक्य म्हणजे टपरीवर "एक कटिंग" म्हणण्याइतकं साधं. पण बाजूला सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आलेले एक काका काउंटरला टेकून उभे होते, डोक्यावर टोपी, हातात कोथिंबिरीची पिशवी. त्यांचे कान एकदम उभे राहिले.

"कुठं आहे लेआउट? आडगावला का मखमलाबादला?"

माझं सगळं लक्ष स्क्रीनवर. सिडकोतून अशोक स्तंभापर्यंत यायला पाऊण तास गेलेला (सिंहस्थाच्या नावाने काय काय खोदून ठेवलंय ते विचारू नका), आणि पेन ड्राइव्हमधली फाइल दुकानातल्या पीसीवर उघडली तर भिंती पिवळ्याधमक. माझी सीटीबी फाइल तिथे नाहीच. कोणत्या रंगाची रेघ किती जाड आणि काळी छापायची हे त्या सीटीबीत असतं, आणि ती ड्रॉइंगसोबत जात नाही, घरच्या पीसीवरच बसून राहते. नऊ वर्षं हे काम करतोय तरी दर तिसऱ्या वेळेला ती घरी विसरतो. चूक माझी, मान्य. त्यामुळे काका काय विचारतायत ते अर्धंच डोक्यात शिरत होतं.

"साइज काय आहे?" काका.

"ए-टू. पाचशे चौऱ्याण्णव बाय चारशे वीस."

"फूट?"

"एमएम."

काका गप्प झाले. मग हळूच झेरॉक्सवाल्याला म्हणाले, "एमएमवर आले का भो आता बिल्डर लोकं!"

तिथेच मी हसून विषय संपवायला हवा होता. पण माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं काका, ही जमीन नाही, हा नकाशा आहे. मॉडेल स्पेसमध्ये आपण घर खऱ्या मापाचं काढतो, दहा फुटांची खोली तिथे दहा फुटांचीच. लेआउट म्हणजे नुसता कागद. त्या कागदाला एक खिडकी पाडायची, तिला व्ह्यूपोर्ट म्हणतात, त्यातून आतलं घर दिसतं. आता घर किती लहान दिसावं ते आपण ठरवायचं, मी १:१०० ठेवलंय, म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जागेवरचा एक मीटर.

काकांनी अगदी मन लावून ऐकलं. मग बोट थेट स्क्रीनला लावून म्हणाले, "मग एवढा कागद मोकळा का सोडला? पैसे पुऱ्या कागदाचे घेणार ना हे?"

"हो, पण स्केल..."

"खिडकी मोठी करा की."

"खिडकी मोठी केली तरी घर तेवढंच राहील, काका."

"मग घर जवळ घ्या."

आणि हे दाखवायला म्हणून मीच, मूर्खासारखा, व्ह्यूपोर्टच्या आत डबल क्लिक करून माउसचं चाक फिरवलं. लॉक केलेला नव्हता. स्केल गेलं उडत. काका टाळी वाजवून म्हणाले, "बघा, आलं का नाही जवळ!" दुकानातला पोरगा हसला. झेरॉक्सवाला हसला. मागे एक ताई आधार कार्ड लॅमिनेट करायला आल्या होत्या, त्याही हसल्या.

मी परत १:१०० केलं, लॉक केलं, आणि तेवढ्यात घरून फोन आला म्हणून बाहेर गेलो. दोन मिनिटं. दोनच. आत आलो तर प्लॉटरमधून कागद सरसर बाहेर येतोय आणि प्लॅन कागदभर पसरलाय, लग्नातल्या रांगोळीसारखा. खरं तर प्लॉट एरियात, म्हणजे काय छापायचं तिथे, 'लेआउट' निवडलेलं असलं तर 'फिट टू पेपर'वर, म्हणजे कागदभर ताणायच्या पर्यायावर, टिक करताच येत नाही, ती सोय बंदच असते. म्हणजे या पोराने मुद्दाम 'विंडो' निवडून, प्लॅनभोवती चौकोन ओढून, मग फिट केलं. एवढी अक्कल, आणि ती नेमकी इथे! त्या चौकोनात माझ्या नावाचा टायटल ब्लॉक कापला गेला. प्लॅनखालची 'स्केल १:१००' ही ओळ मात्र शाबूत, चांगली ठळक.

"काका म्हणाले म्हणून केलं सर," पोरगा म्हणाला. "पण भारी दिसतंय ना?"

दुसरी प्रिंट काढली. पैसे दोन्हींचे घेतले. मी म्हटलं पहिली चूक तुमची आहे, तर म्हणे कागद तर गेला ना सर. काकांनीही मान डोलावली, "कागद गेला ना त्याचा." मला अजून कळत नाही की या माणसाला मध्ये बोलायचा अधिकार कोणी दिला होता. डॉक्टरकडे कोणी म्हणतं का, एक्सरे जरा मोठा काढा, फिल्म रिकामी राहिली? पण ड्राफ्ट्समन दिसला की सगळ्यांना मत असतं, हॉल अजून थोडा सरकवा, जिना तिकडे घ्या, तुम्हाला काय दोन क्लिकचं तर काम.

चिडचिडीत मी दोन्ही प्रिंट एकत्रच गुंडाळल्या आणि पार्टीच्या घरी देऊन आलो. तिथे शेण खाल्लं. या साहेबांना मीच मागच्या आठवड्यात शिकवलं होतं, सर, साधी पट्टी लावा, सेंटीमीटरचा मीटर धरा. त्यांनी रात्री मुलाच्या कंपासमधली पट्टी लावली. बरोबर प्रिंटवर मुलांची बेडरूम तीन मीटरच्या जरा वर, म्हणजे दहा फूट. काकांच्या प्रिंटवर साडेतीनच्याही पुढे, सरळ बारा फूट. आत १०'-०" असं लिहिलंय ते दोन्हीकडे सारखंच आहे, पण लिहिलेलं कोण वाचतं.

सकाळी पावणेसातला मेसेज आला, दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी लावून: "मोठावाला ऑप्शन फायनल करू. मिसेसना पण तोच आवडला. रेट तोच राहील ना?"